चिंतन : रिकामा खण

॥ जय गुरुदेव ॥



मागच्या महिन्यात रविवारच्या बैठकीत पाच यमांवर बोलणं झालं. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अस्तेयाशी आलो तेव्हा सगळ्यांचं पटकन एकमत झालं. चोरी काही आपण करत नाही, पुढचं घ्या. आम्ही त्या वेळी गप्प बसलो आणि चहाचे पेले विसळायचं निमित्त करून मागच्या ओसरीत गेलो. का गेलो, ते आज लिहितो आहोत. आम्ही म्हणजे घरातले दोघं, यजमान आणि लिहिणारी. लिहायला दोघांची संमती आहे आणि यात झालेली चूकही दोघांची आहे.

प्रश्न साधा आहे. एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, समोरच्याला माहीत नाही, आणि त्याच्या माहीत नसण्यातच आपला फायदा आहे. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, फक्त गप्प राहायचं. ही चोरी होते का?

आधी संग्रहाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

यजमानांचं लालबर्र्यात वह्या-पुस्तकांचं दुकान. जुनं नाणं दिसलं की बाजूला काढून ठेवायची सवय त्यांना पोरवयापासून. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी सुरू झाली. त्याआधीचे आणे-पैसे घराघरांतल्या डब्यांत पडून राहिले आणि पुढे कितीतरी वर्षं कधी आठवडी बाजारात, कधी भांड्यांच्या मोडीत निघत राहिले. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून १९४३ पासून भोकाचा पैसा काढला होता, तो तर आमच्याकडे मूठभर आहे. मुलं लहान असताना दोऱ्यात ओवून खेळायची.

पण यजमानांचा खरा जीव जडला तो अल्बमच्या एका पानावर. सहाव्या जॉर्जच्या रुपयांचं पान. या राजाच्या छापाचा रुपया १९३८ ते १९४५ दर सालचा आहे. १९४६ चा बाजारात आला नाही, आणि शेवटचा १९४७ चा. म्हणजे नऊ सालं, नऊ खण. सगळे वजनाला एक तोळा, ११.६६ ग्रॅम. पण अंगात फरक. १९३९ पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. युद्ध सुरू झालं आणि १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, मागच्या बाजूला वाघ. यजमान म्हणतात, चांदी गेली आणि वाघ आला.

या नवांमधला १९३९ चा रुपया फार थोडा बाहेर आला. त्यामुळे ज्यांना सहाव्या जॉर्जचं पान पूर्ण करायचं त्यांची गाडी तिथेच अडते. बाकीचे आठ थोडी चिकाटी धरली तर मिळतात. आमचे आठ पाच-सहा वर्षांत जमले. पहिला, १९३८ चा, सासूबाईंच्या डब्यातून निघाला. पण नववा खण ३० वर्षं रिकामा. नागपूरच्या नाणे-प्रदर्शनात यजमानांनी तो तीनदा पाहिला. दोनदा किंमत ऐकून हात मागे घेतला. तिसऱ्यांदा भिंगातून पाहिलं तर शेवटचा अंक कोरून बदललेला. जिथे वस्तू कमी आणि हाव जास्त, तिथे नकली माल येणारच.

हे वेड फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. आमचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने तिकडची गोष्ट सांगितली. तिथे बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेले छोटे पत्ते जमवतात. १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटातून असे पत्ते येत, त्या संचाला टी-२०६ म्हणतात. पाचशेच्या वर पत्ते, आणि त्यात होनस वॅगनर या खेळाडूचा फार दुर्मीळ, कारण त्याचा पत्ता छापणं लवकरच थांबवलं गेलं. आपल्या चित्रापायी पोरांनी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होतं असं काही जण सांगतात. पैशाचं बिनसलं असंही काही जण म्हणतात. २०२२ मध्ये त्यातला एक पत्ता साडेबहात्तर लाख डॉलरला विकला गेला. पण पुतण्याने पुढे सांगितलेलं आमच्या जास्त लक्षात राहिलं. याच खेळाडूचा एक पत्ता फार सुबक, कडा सरळ, कोपरे टोकदार, म्हणून नावाजलेला. १९९१ मध्ये तो ४,५१,००० डॉलरला गेला. पुढे २०१३ मध्ये एका मोठ्या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केलं की त्या पत्त्याच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं लोक ज्याला अव्वल म्हणून मिरवत होते, त्याच्या पोटात एकाची गप्पी होती.

ही गोष्ट ऐकली तेव्हा आम्ही हसलो होतो. आपल्यावर अशी वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी, दिवाळी होऊन गेली होती, धान अजून खळ्यावरच होतं, तेव्हा बैठकीला येणाऱ्या एक आजी आमच्याकडे आल्या. नाव-गाव लिहीत नाही. त्यांच्याकडे त्यांच्या सासूची रुपयांची माळ होती. जुन्या काळी बायका चांदीच्या रुपयांना कडी डागून माळेत ओवून घालत, तशी. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पैसे चार दिवसांत भरायचे होते. आजी म्हणाल्या, "सराफाकडं गेली असती भाऊ, पन तो वजनात मारते. तुमी आपल्या बैठकीतले. कोनतेबी चार काढून घ्या, बाकीची माळ राहू द्या. मले काय समजते त्यातलं."

यजमानांनी माळ हातात घेतली. एकेक रुपया उलटून साल बघत गेले. आम्ही चहा घेऊन आत आलो तेव्हा त्यांचा हात एका रुपयावर थांबलेला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. ३० वर्षांचा संसार आहे, बोलावं लागलं नाही. कोणतं साल आहे ते कळलं.

आणि आम्ही चहा ठेवला, बिस्किटं पुढे केली आणि आजींना नातीचं विचारलं.

यजमानांनी चार रुपये काढले, त्यातला एक तो. त्या दिवशीचा चांदीचा भाव धरला, कोणात किती चांदी ते धरून चोख हिशेब केला आणि वर आणखी पाचशे रुपये ठेवले. आजींचे डोळे भरून आले. जाताना म्हणाल्या, तुमच्यासारखी मानसं आहेत म्हनून चालते. आम्ही फाटकापर्यंत पोचवायला गेलो.

रात्री नवव्या खणात रुपया बसला. ३० वर्षांनी पान पूर्ण झालं.

आता खरं सांगायचं तर, पहिले दोन-तीन दिवस आम्ही स्वतःशी फार शहाणपणाने बोललो. ते शहाणपण इथे मांडतो, कारण प्रत्येकाच्या घरी थोड्याफार फरकाने हेच बोललं जातं असं वाटतं.

पहिलं, हे ज्ञान काही फुकट आलेलं नाही. ३६ वर्षं पुस्तकं चाळली, नागपूरच्या खेपा केल्या, नकली माल ओळखायला शिकलो. त्या ज्ञानाचं मोल आपल्याला मिळालं तर बिघडलं कुठे? दुसरं, आजींनीच म्हटलं, कोणतेही चार काढा. तिसरं, सराफाकडे गेला असता तर रुपया मुशीत वितळला असता. आपण तो वाचवला. चौथं, त्याला कडी डागलेली आहे. डाग असलेल्या नाण्याला जाणकार फार कमी किंमत देतात, तेव्हा फरक तरी कितीसा पडतो? आणि पाचवं, आपण कुठे तो विकून नफा कमावणार आहोत? आपण जपणार.

पाचही मुद्दे खरे आहेत. एकही खोटा नाही. तीच तर अडचण आहे. खोटं असतं तर लगेच पकडलं असतं. आम्हाला एका गोष्टीने जागं केलं. पाचातला एकही मुद्दा आजींच्या तोंडावर मांडण्याची आमची हिंमत नव्हती. "आजी, तुमचा रुपया सराफाने वितळवला असता, म्हणून आम्ही तुम्हाला त्याची खरी किंमत सांगितली नाही", हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. जो युक्तिवाद ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर बोलता येत नाही, तो स्वतःची समजूत काढायलाच केलेला असतो.

बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं तेव्हा एक गोष्ट अभ्यासाला होती, ती या दिवसांत आठवली. रोमचा सिसेरो याने दोन हजार वर्षांपूर्वी मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी धान्याची जहाजं येताना त्याने पाहिली आहेत. त्याने ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? यावर गुरू आणि शिष्य अशा दोन विद्वानांचे दोन पक्ष सिसेरो मांडतो. गुरू डायोजेनिस म्हणतो, गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. माल चांगला आहे, खोटं बोललेलो नाही, बस. शिष्य अँटिपेटर म्हणतो, आपण सगळे एका समाजात बांधलेले आहोत, दुसऱ्याच्या हिताचं आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्यापासून राखून ठेवता येत नाही. सिसेरो शिष्याच्या बाजूने निकाल देतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की नुसतं न सांगणं वेगळं. पण ज्याला कळायला हवं त्याला ते कळू नये, अशी इच्छा आपण आपल्या फायद्यासाठी धरतो, तेव्हा ते लपवणं होतं.

कॉलेजात हे दहा गुणांचं उत्तर होतं. आता ते आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसलं. कारण चहा पुढे करताना आमच्या मनात काय होतं? आजींनी साल विचारू नये, एवढंच होतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रत्येक सौद्यात सगळं सांगायचं म्हटलं तर व्यवहार चालणार नाही. जुन्या नाण्यांचा व्यापारी समोर असता आणि त्याच्या ढिगात तो रुपया यजमानांना दिसला असता, तर आम्ही तो घेतला असता आणि शांत झोपलो असतो. व्यापाऱ्याचं कामच ते आहे, जाणणं हा त्याचा धंदा. तो आपल्याला ओळखतो, आपण त्याला ओळखतो, दोघंही कंबर कसून बसलेले. आजी तशा बसलेल्या नव्हत्या. त्यांनी कंबर सोडून माळ आमच्या हातात दिली. सराफाला टाळून आमच्याकडे आल्या त्या भाव जास्त मिळेल म्हणून नाही, तर आम्ही बैठकीतले म्हणून. म्हणजे त्यांच्या विश्वासावरच आम्ही तो रुपया उचलला. आणि वरचे पाचशे? तेव्हा ते चांगुलपणाचे वाटले. आज वाटतं, ते आमच्या गप्प बसण्याचं भाडं होतं.

आता त्या रिकाम्या खणाबद्दल.

यजमान एक वही ठेवतात. प्रत्येक नाण्याला एक ओळ. साल, कुठे मिळालं, कुणाकडून, काय दिलं, आणि शेवटी एखादी आठवण. १९३८ च्या पुढे लिहिलंय, आईचा डबा, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. १९४३ च्या पुढे, गोंदिया स्टेशनबाहेर, पावसात. संग्राहकाचा खरा आनंद नाण्यात अर्धा आणि या ओळीत अर्धा. कुणी पाहुणा आला की अल्बम उघडतो आणि ओळी वाचून दाखवल्या जातात.

१९३९ ची ओळ लिहायला यजमान बसले. साल लिहिलं. कुठे, तर लालबर्रा. कुणाकडून, इथे पेन थांबलं. त्यांनी ती जागा कोरी सोडली. आठवण कोरी. पंधरा दिवसांनी गोंदियाचे त्यांचे एक जुने नाणेमित्र आले. ज्या पानासाठी ३० वर्षं दोघांनी मिळून उसासे टाकले, ते पान दाखवायचा हा दिवस. यजमानांनी अल्बम काढलाच नाही. कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात होती.

त्या रात्री आम्हाला कळलं की खण काही भरला नव्हता. तो अल्बममधून वहीत सरकला होता, एवढंच. अल्बममधला रिकामा खण ३० वर्षं सगळ्यांना हसत दाखवला. वहीतली कोरी जागा एका माणसालाही दाखवता येत नव्हती.

आणि दर रविवारी आजी बैठकीला येत होत्या. सतरंजी घालायला आम्ही लवकर जातो, त्याही लवकर येतात. सतरंजीचं एक टोक त्या धरतात, एक आम्ही.

एकोणिसाव्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. रुपया रुमालात बांधून नेला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण दारात गेल्यावर ते सगळं विसरलो. यजमानांनी रुपया त्यांच्या हातावर ठेवला आणि सांगितलं. आजी, हा साधा रुपया नाही. याची किंमत चांदीच्या भावाच्या कितीतरी पट आहे. डागामुळे कमी होईल, तरी खूप आहे. आम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं.

आजी बराच वेळ रुपयाकडे बघत होत्या. मग यजमानांकडे नाही, आमच्याकडे बघून विचारलं, "मंग त्या दिवशी काहून नाही सांगतलं, बाई?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. लोभ झाला, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि आम्ही मागितलंही नाही. माफी मागून त्यांच्यावर आणखी एक काम टाकायचं, हे बरोबर वाटलं नाही.

मग त्या हिशेबावर आल्या. पैसे फीत गेले होते. आम्ही म्हटलं, ते राहू द्या, सवडीने बघू. त्या म्हणाल्या, नाही, हिशोब बरोबर पायजे. आत गेल्या, माळेतून दुसरा रुपया काढून आणला आणि याच्या बदल्यात हा घ्या म्हणाल्या. यजमानांनी साल पाहिलं, १९४२. तेवढ्यात मनात आलं की घ्यावा आणि विषय संपवावा, त्यांना बरं वाटेल. पण मग ध्यानात आलं की हेही पुन्हा तेच. त्यांच्या भल्यासाठी का होईना, त्यांच्यापासून राखून ठेवणंच. यजमानांनी सांगितलं, आजी, यात चांदी निम्मीच आहे. आजींनी नातीला हाक मारली. नातीने फोनवर गुणाकार केला. तशा दोन रुपयांत एकाहून थोडी जास्त चांदी होते. आजींनी दोन रुपये दिले आणि जास्तीच्या चांदीचे पैसे आमच्याकडून मोजून घेतले. जास्तीचे पाचशेही त्यांनी परत केले. तेव्हा कुठे चहा ठेवला.

त्यांनी आमच्याशी सौदा केला, या वेळी दोन्ही बाजूंना सगळं माहीत असताना. त्या दोन रुपयांइतका स्वच्छ व्यवहार आम्ही आयुष्यात थोडेच केले असतील.

पुढचे दोन रविवार आजी सतरंजीचं टोक धरायला आल्या नाहीत. दुसऱ्या बाजूला बसल्या. तिसऱ्या रविवारी आल्या. काही बोलल्या नाहीत, टोक उचललं. नातीने तो रुपया नागपूरला जाणकाराला दाखवला, असली निघाला. विकायचा झाला तर कसा, कुठे विचारायचं, हे यजमानांनी तिला समजावून सांगितलं आणि आम्ही घेणार नाही हेही सांगितलं. आजींनी अजून विकलेला नाही. नातीच्या लग्नात देईन म्हणतात.

आता या सगळ्यातून आम्हाला जे वाटतं ते लिहितो. शिकवायची आमची पायरी नाही, हे वर वाचलंच आहे.

संग्रह करणं वाईट, असं आम्हाला अजूनही वाटत नाही. अपरिग्रह म्हणजे घरातली सगळी नाणी नदीत टाकणं नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांचं उदाहरण आहे. त्यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्यं, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू हजारोंनी जमवल्या. लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला दिलं आणि सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. अडकित्त्यांचा संच कधी पूर्ण होतो का? जगात आणखी एक अडकित्ता असतोच. तरी तो संग्रह पूर्ण वाटतो, कारण तो चारचौघांसाठी उघडा आहे. तिथे काही लपवलेलं नाही.

तेव्हा पूर्ण म्हणजे शेवटचा नग मिळाला असं नाही. प्रत्येक नगामागची ओळ मोठ्याने वाचता येते, तो संग्रह पूर्ण. मग त्यात एक खण रिकामा असला तरी चालेल. रिकामेपण सहन होतं. आम्ही ३० वर्षं केलं, मजेत केलं. लपवणं एकोणीस दिवससुद्धा सहन झालं नाही.

आणि हे नाण्यांपुरतं नाही. आपल्या भागात बघा ना. रस्ता रुंद होणार आहे हे एकाला कळतं आणि तो न कळलेल्या चुलतभावाकडून जमीन घेऊन ठेवतो. चिन्नोरला शहरात काय भाव मिळतो हे ठाऊक असलेला पाहुणा, ठाऊक नसलेल्या मावशीच्या घरून पोतं साध्या धानाच्या भावाने नेतो. वाटणीच्या वेळी आईच्या दागिन्यांत कोणता खरा आणि कोणता मुलामा हे एकीलाच माहीत असतं आणि ती म्हणते, तुम्ही आधी निवडा, मला काहीही चालेल. यातला कुणीही खोटं बोलत नाही. सगळे बैठकीला येतात. आम्हीही येत होतो.

म्हणून अशा वेळी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात असं आम्ही ठरवलं आहे. समोरचा आपल्याकडे सौदा करायला आलाय, की भरवसा टाकून आलाय? त्याने एखादा प्रश्न विचारू नये असं आपल्याला मनातून वाटतंय का? आणि हा व्यवहार उद्या त्याच्यासमोर, चारचौघांत, जसा झाला तसा सांगता येईल का? दुसऱ्याचं उत्तर हो आणि तिसऱ्याचं नाही आलं, तर अस्तेयाची ओळ आपण ओलांडली. मग हातात खोटं असो वा नसो.

एक शंका मात्र आमची आम्हालाच उरली आहे, ती लपवत नाही. आजी दर रविवारी दिसल्या नसत्या, परगावच्या असत्या, माळ देऊन निघून गेल्या असत्या, तर आम्ही त्यांना शोधत गेलो असतो का? जावं असं म्हणणं सोपं आहे. गेलोच असतो, हे आम्हाला म्हणवत नाही. सत्संगाचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर आता आम्ही एवढंच सांगू, की ज्याच्याशी आपण चुकलो तो तिथे पुन्हा भेटतो आणि सतरंजीचं दुसरं टोक त्याच्या हातात असतं.

हा लेख पाठवण्याआधी नातीने आजींना वाचून दाखवला. दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली, ती काढली. बाकी राहू द्या म्हणाल्या.

नववा खण रिकामा आहे. वहीतली ओळ यजमानांनी पूर्ण केली : १९३९. लालबर्रा. आजींकडून. हातात आला होता, परत दिला. गोंदियाचे मित्र परवा येऊन गेले, त्यांना अल्बम दाखवला आणि ती ओळही वाचून दाखवली.

येत्या रविवारी बैठक नेहमीच्या वेळेला आहे. सतरंज्या घालायला दोन माणसं लवकर आली तर बरं होईल.

आपली सेविका,
लालबर्रा
॥ जय गुरुदेव ॥